‘आज बंद’ ही पाटी नेमकी कधीपासूनची? : एका सहलप्रमुखाचं पार्कच्या व्यवस्थापनाला खुलं पत्र

माननीय संचालक मंडळ आणि व्यवस्थापक महोदय,

स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. गेली अकरा वर्षं शाळेची सहलही माझ्याच गळ्यात आहे. सहलप्रमुखाची कामं आपल्याला फोनवरून कळत नसतील, म्हणून सांगतो. पालकांची संमतिपत्रं गोळा करायची, शिक्षणाधिकारी कार्यालयात प्रस्ताव घेऊन हेलपाटे घालायचे, एसटीच्या आगारात प्रासंगिक कराराचे पैसे भरायचे, खिडकीच्या जागेवरून होणारी भांडणं सोडवायची आणि दिवसभर डोकी मोजत हिंडायचं. यातलं काही मला जड जात नाही. पालकांसमोर खोटं पडणं मात्र जड जातं. आपल्या नव्या रोलर कोस्टरपायी मी दोनदा खोटा पडलो, म्हणून हे पत्र.

आपल्या पार्कचं नाव यात मुद्दाम लिहिलेलं नाही. नाव घेतलं की वाद त्या नावापुरता उरतो आणि बाकीचे ‘ते आम्ही नव्हेच’ म्हणून मोकळे होतात. आपण स्वतःला ओळखालच. कुपनांवर शिक्का आपलाच आहे.

2024 च्या गुढीपाडव्याला आपली जाहिरात आली. निळ्या आकाशात उलटा झालेला रूळ, त्यावर किंचाळणारी पोरं आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘या दिवाळीत’. एका मुलानं पेपरातलं ते कात्रण आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर चिकटवलं. बारीक अक्षरांतली अटही पोरांनीच वाचली, की उंची किमान 140 सेंटिमीटर हवी. मग मी दाराच्या चौकटीवर टेप लावून 140 वर लाल ऑइलपेंटची रेघ मारली. त्या वर्षी प्रयोगशाळेत शिरताना प्रत्येक पोर आधी चौकटीला पाठ लावून उभं राहायचं. गतिज आणि स्थितिज ऊर्जेचा धडा मी त्या कोस्टरवरच शिकवला. एकदा साखळीनं गाडी वर नेऊन सोडली की पुढं इंजिन नाही, उंचीतून मिळालेल्या ऊर्जेवरच सगळा खेळ. इतक्या वर्षांत हा धडा इतक्या कान देऊन कुणी ऐकला नव्हता. त्याबद्दल आपले आभार, आणि हे मी उपरोधानं म्हणत नाही.

आठवीतली एक मुलगी 137 वर अडकली होती. सहलीच्या दिवशी तिच्या बुटात पेपरची अख्खी रविवार पुरवणी घडी करून घातलेली होती. मला ते एसटीत कळलं. मी रागावलो, पुरवणी काढून घेतली आणि आठवड्यापूर्वीचं राशिभविष्य वाचत बसलो.

आता त्या सहलीविषयी. दिवाळी उलटून गेली होती. आपल्या विक्री विभागातल्या एका सद्गृहस्थांनी फोनवर दोन पॅकेजं सांगितली: साधं 900 रुपयांचं आणि ‘नव्या राईडसह’ 1,100 चं. ‘दिवाळीचं थोडं हुकलं, पण डिसेंबरात पक्कं चालू,’ असं ते म्हणाले. आम्ही 82 मुलांचं 1,100 नं भरलं. वरचे दोनशे रुपये आपल्याला किरकोळ वाटतील. आमच्या शाळेतल्या निम्म्या मुलांच्या आया भांगलणीला जातात, आणि दोनशे रुपयांसाठी पाऊण दिवस वाफ्यात वाकून काढावा लागतो. एका माउलीनं ते पैसे दोन हप्त्यांत दिले.

14 डिसेंबर 2024 ला पहाटे तीनला दोन एसट्या निघाल्या. साडेनऊला आम्ही आपल्या दारात. तिथून कोस्टरकडे धावत गेलेली पोरं चालत परत आली. तिथं पाटी होती: ‘आज तांत्रिक कारणामुळे राईड बंद आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

मी स्वतः जाऊन पाहिलं. रांगेसाठी केलेल्या लोखंडी कठड्यांच्या मधे गुडघाभर गाजरगवत वाढून वाळलेलं होतं. पत्र्याखाली झाकून ठेवलेल्या गाडीवर धुळीचा थर. आणि मागच्या बाजूला, शेवटच्या दोन खांबांच्या मधे, रूळ हवेतच संपत होता. सातवीतला एक मुलगा बराच वेळ वर बघून म्हणाला, “सर, आज बंद कसा? म्होरं रूळच न्हाई.”

मला उत्तर सुचलं नाही. आपल्याला सुचलं तर कळवा. ‘आज बंद’ याचा अर्थ काल चालू होता आणि उद्या चालू होईल. हा कोस्टर तोवर एकही दिवस चालला नव्हता. ती पाटी रंगवून, वार्निश मारून, चार स्क्रूंनी ठोकलेली होती. एका दिवसाच्या बंदसाठी कुणी इतकी टिकाऊ पाटी करत नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर आपण म्हणाल की मास्तरांना यंत्रातलं काय कळतं. उशीर झाला ही माझी तक्रार नाही. रोलर कोस्टरला उशीर होतो, जगभर होतो, आणि व्हायलाच हवा. अमेरिकेत फ्लोरिडातल्या बुश गार्डन्सचा आयर्न ग्वाझी 2020 साली उघडायचा होता, तो मार्च 2022 मध्ये उघडला. मधे कोरोना होता. डिस्नेनं ऑरलँडोतल्या आपल्या मॅजिक किंगडम पार्कसाठी ‘ट्रॉन’ सिनेमावरचा कोस्टर 2017 मध्ये जाहीर केला, 2021 ची बोली होती, लोक बसले एप्रिल 2023 मध्ये. सौदी अरेबियातल्या किद्दियाचं पार्क सुरुवातीला 2022–23 मध्ये उघडणार म्हणत होते. ते 31 डिसेंबर 2025 ला उघडलं. एवढे पैसेवाले जिथं तारीख पाळू शकत नाहीत, तिथं आपण कुठं.

त्यातलं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण ओहायोतल्या सीडर पॉइंटचं. 420 फूट उंचीचा त्यांचा जुना कोस्टर 2021 मध्ये बंद पडला, कारण गाडीचा एक धातूचा तुकडा सुटून रांगेतल्या बाईच्या डोक्याला लागला. त्यांनी तो नव्यानं बांधला, टॉप थ्रिल 2 नाव दिलं, 4 मे 2024 ला थाटात उघडला आणि आठ-दहा दिवसांतच पुन्हा बंद केला. नव्या गाड्यांमध्ये दोष निघाला होता. गाड्या बनवणाऱ्या कंपनीला त्यात बदल करावे लागतील, हे पार्कनं जाहीर सांगितलं. तो अख्खा हंगाम कोस्टर उभाच राहिला आणि 2025 च्या मे महिन्यात पुन्हा सुरू झाला. लोक चिडले, ते स्वाभाविकच. पण राईड बंद आहे आणि का बंद आहे, हे तरी त्यांना ठाऊक होतं.

घाई केल्यावर काय होतं, तेही मुलांना सांगतो. इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्स पार्कचा स्मायलर हा कोस्टर 2013 मध्ये ठरल्यापेक्षा उशिरा उघडला. त्याबद्दल आज कुणी बोलत नाही. 2 जून 2015 बद्दल बोलतात. त्या दिवशी चाचणीची एक रिकामी गाडी रुळावर अडकली होती. पुढचा टप्पा मोकळा नाही म्हणून यंत्रणेनं मागची, माणसांनी भरलेली गाडी थांबवून धरली होती. आणि माणसांनी यंत्रणेचं न ऐकता ती सोडली. दोन तरुण मुलींना पाय गमवावा लागला. चौकशीत दोष रुळाचा किंवा यंत्रणेचा निघाला नाही, कामाच्या पद्धतीचा निघाला, आणि पुढच्या वर्षी कंपनीला 50 लाख पौंडांचा दंड झाला. इतकं लांब जायचीही गरज नाही. अहमदाबादच्या कांकरियात जुलै 2019 मध्ये झोपाळ्यासारखी राईड तुटून दोघांचा जीव गेला. माझी 82 पोरं अशा पाळण्यात बसण्यापेक्षा गाजरगवतात बसलेली मला चालतील.

आमच्याकडं मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. तिथं पाळणे येतात. पाळणेवाला आधी रिकामा पाळणा फिरवतो, मग वाळूची पोती बसवून फिरवतो, मग स्वतःची माणसं बसवतो, आणि तोवर तिकिटाची खिडकी उघडत नाही. कुणी पोर फार मागं लागलं तर म्हणतो, “अजून जोडतोय, उद्या ये.” ‘आज बंद’ म्हणत नाही. त्याच्याकडं ना जनसंपर्क विभाग, ना वेबसाइट. सांगण्याची रीत मात्र आहे.

आणि हे काम चालतं कसं, हे मला अगदीच ठाऊक नाही असं नाही. आमचा एक माजी विद्यार्थी आयटीआय फिटर आहे आणि काही महिने आपल्याच कोस्टरच्या जोडणीवर होता. त्यानं गुपित काही सांगितलं नाही, त्याचा शोध घेऊ नका. त्यानं काम सांगितलं. बोल्ट ठरलेल्या दाबानं आवळला की त्यावरून रुळापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायची. उद्या बोल्ट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते, वीस फुटांवरूनसुद्धा. रूळ पुरा झाला की गाडीच्या मापाची चौकट त्यावरून ओढत न्यायची, बसलेल्याचा हात किंवा पाय कुठं खांबाला लागतो का ते बघायला. मग रिकामी गाडी, मग पाणी भरलेले माणसाच्या आकाराचे पुतळे बसवून फेऱ्या, दिवसरात्र, शेकड्यांनी. नव्या चाकांना थंडीत वेग येत नाही, गाडी पुढच्या टेकाडावर न चढता दरीत झुलून थांबते, मग क्रेन बोलवायची. हे सगळं तो इतक्या अभिमानानं सांगत होता, की मी त्याला वर्गात आणून पोरांसमोर उभा केला. त्याच्या हातातला टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या दाबानं बोल्ट आवळायचा पाना, पोरांनी आळीपाळीनं उचलून पाहिला.

तोच म्हणाला, की मार्च 2025 मध्ये त्यांच्या टोळीला घरी पाठवलं. ठेकेदाराची बिलं अडकली होती, असं टोळीत बोललं जायचं. खरं-खोटं आपण जाणता. बिलं अडकतात, त्यात शरम काही नाही. आमच्या शाळेचं वेतनेतर अनुदानही अडकतं, पण म्हणून आम्ही फळ्यावर ‘आज खडू नाही’ असं वर्षभर लिहीत नाही.

आता माझ्या तक्रारी एकत्र मांडतो. चाचणी सोडा, रूळही पुरा नसताना त्या राईडच्या नावानं आपण आमच्याकडून 16,400 रुपये जादा घेतले. हे सगळ्यात वर.

त्या दिवशी आम्ही तक्रार नोंदवायला गेलो, तर नोंदवही ‘साहेबांच्या केबिनमध्ये’ होती आणि साहेब बाहेर होते. तासाभरानं पैसे परत देण्याऐवजी 82 कुपनं हातात ठेवली. त्यावर छापलंय: ‘राईड सुरू झाल्यावर एकदा मोफत. मुदत 31 मार्च 2025.’ राईड तोवर सुरू झाली नाही, कुपनं मात्र वेळेवर संपली. जानेवारी ते मार्च शाळेत परीक्षांचा हंगाम असतो, तेव्हा सहा तासांचा प्रवास करून 82 मुलं पुन्हा कशी येणार होती, हा वेगळाच प्रश्न. त्या सहलीनंतर दहाव्या दिवशी, 24 डिसेंबरला, आम्ही शाळेत राष्ट्रीय ग्राहक दिन साजरा केला. भाषण माझंच होतं. पहिल्या बाकावरच्या पोरांच्या तोंडावरचं हसू मी पाहिलं आणि भाषण आवरतं घेतलं.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. जाहिरातीत ‘नाताळ 2025’, फोनवर ‘सर, या वेळी शंभर टक्के’. मी म्हटलं, लेखी द्या. उत्तर आलं, “वरून आलं की पाठवतो.” वरून काही आलं नाही. तरी मी मुलांना सांगून बसलो, हा माझा मूर्खपणा. सहलीच्या आठ दिवस आधी ‘थोडं पुढं गेलंय’ म्हणून कळलं. जमलेले पैसे घरोघरी परत केले आणि पोरांना सज्जनगड आणि ठोसेघरला नेलं. डिसेंबरात ठोसेघरचा धबधबा करंगळीएवढा होतो. पोरं समंजस आहेत, काही बोलली नाहीत. गडावर प्रसादाला मात्र दोनदा बसली.

आणि आपलं मौन. मी तीन पत्रं पाठवली, दोन रजिस्टर पोस्टानं. पोचपावत्या आल्या, उत्तर एकाही पत्राला नाही. चेन्नईचं वंडरला पार्क कितीतरी वर्षं स्थानिक कराच्या प्रश्नावर अडलं होतं आणि डिसेंबर 2025 मध्ये उघडलं. ती कंपनी शेअर बाजारात आहे, त्यामुळं काम का थांबलंय हे गुंतवणूकदारांना सांगावंच लागत होतं. आमच्या पोरांकडं आपले शेअर नाहीत, फक्त कुपनं आहेत. त्यावर उत्तर द्यायचं बंधन बहुधा येत नसावं.

आम्ही पार्कांच्या विरोधात नाही, हेही लिहून ठेवतो. 2019 मध्ये आम्ही खोपोलीजवळ इमॅजिकाला गेलो होतो. तिथला नायट्रो हा कोस्टर 2013 पासूनचा. पोरं बसली, दोघं ओकली, सगळी खूश होती. माझ्या कोस्टरच्या धड्याची सुरुवात खरी तिथून आहे. दुष्काळी तालुक्यातल्या मुलाला दोन मिनिटं जमिनीवरून उचलणारी वस्तू महाराष्ट्रात आणखी एक उभी राहावी, असं मला मनापासून वाटतं.

आता मागण्या. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मधली फसव्या जाहिरातींची कलमं मी वाचली आहेत, 1915 हा हेल्पलाइनचा नंबरही आमच्या फळ्यावर लिहिलेला असतो. तिकडं जाण्याआधी आपल्याला सांगावं, असं वाटलं.

एक पानाचं निवेदन काढा. त्यात पाया, रूळ, गाड्या, चाचणी, परवाने यातलं काय झालं आणि काय राहिलं, एवढंच हवं. काम पैशांअभावी थांबलं असेल तर तसं लिहा. लोक समजून घेतात.

चाचण्या पुऱ्या होऊन तपासणीचा दाखला हातात येईपर्यंत कुठलीही तारीख जाहीर करू नका. तोवर त्या कोस्टरचं चित्र तिकिटावर, शाळांना पाठवायच्या पत्रकावर किंवा पॅकेजच्या नावात वापरू नका. आणि दाखला मिळाला की तो प्रवेशद्वाराशी लावा, मराठीत, उभ्यानं वाचता येईल अशा अक्षरात.

कुपनांची मुदत राईड सुरू झाल्यापासून पुढं एक वर्ष करा. ज्यांना यायचं नाही, त्यांना दोनशे रुपये परत द्या. त्या 82 जणांतली बरीच मुलं आता शाळा सोडून गेली आहेत. कुणी साताऱ्यात अकरावीला, एक मुलगा पुण्यात कॅन्टीनमध्ये कामाला. त्यांचे पत्ते मी देतो, तो त्रास आपल्याला नको.

ती पाटी काढा. तिच्या जागी ‘ही राईड अजून सुरू झालेली नाही’ असं लिहा. रंगाचा खर्च आम्ही देऊ, ऑइलपेंटचा अर्धा डबा प्रयोगशाळेत पडून आहे.

आमच्यासाठी घाई मात्र अजिबात करू नका. पुतळे हव्या तितक्या वेळा फिरवा.

या वर्षीच्या सहलीचा प्रस्ताव आम्ही तयार करतो आहोत. 137 वर अडकलेली ती मुलगी आता दहावीत आहे, म्हणजे तिची ही शेवटची सहल. पहिल्याच आठवड्यात ती चौकटीला पाठ लावून उभी राहिली आणि रेघ तिच्या कानाखाली गेली. प्रस्तावात ‘सहलीचे ठिकाण’ असा एक रकाना असतो. तो मी 15 ऑगस्टपर्यंत कोरा ठेवतो आहे. चालू होणार नसेल तर तसं कळवा, मी पेनानं दुसरं ठिकाण लिहीन.

आपला,
सहलप्रमुख, एक माध्यमिक शाळा, ता. खटाव, जि. सातारा
जुलै 2026

ता. क. : 82 पैकी 79 कुपनं रबर लावून माझ्या कपाटात आहेत. उरलेली तीन मुलांनी परत दिली नाहीत. त्यांचीही मुदत वाढवावी.